'मोबी डिक' कानांनी वाचताना



'तुम्ही वाचलेल्या एका कादंबरीचे रसग्रहण करा' असा प्रश्न आला की उत्तरपत्रिकांत दोनच प्रकार सापडतात. एक तर कादंबरी 'अजरामर' असते, नाहीतर प्रश्नच सोडून दिलेला असतो. मधलं काही नाही. "सर, एवढे मोठे लोक चांगली म्हणतात, मग मला मध्ये मध्ये कंटाळा आला असं कसं लिहायचं?" असं दर वर्षी कुणीतरी विचारतंच. बाकीचे विचारतही नाहीत. गाइडमधलं कौतुक उतरवून काढतात आणि मनाशी ठरवून टाकतात की मोठं साहित्य आपल्यासाठी नसतंच. मला काळजी वाटते ती या दुसऱ्या गटाची.

तर आजचा पाठ संमिश्र मताचा. संमिश्र म्हणजे गुळमुळीत नव्हे. 'काही भाग चांगला आहे, काही भाग कंटाळवाणा आहे' हे मत झालं नाही. कुठला भाग, कशामुळे, आणि दोष पुस्तकाचा की आपल्या वाचण्याच्या पद्धतीचा, हे सांगता आलं की ते मत होतं. उदाहरण घेतलंय हर्मन मेल्व्हिल या अमेरिकन लेखकाच्या 'मोबी डिक'चं. आणि ती डोळ्यांनी वाचून नाही, तर मोबाइलवर ऐकून. कारण आता तुमच्यापैकी बरेच जण बसमध्ये, घरकाम करताना ऐकतच वाचता.

आधी थोडी माहिती

मेल्व्हिलचा जन्म 1819 चा, न्यूयॉर्कचा. जानेवारी 1841 मध्ये तो 'अकुश्नेट' नावाच्या देवमासे मारणाऱ्या जहाजावर खलाशी म्हणून चढला. त्या काळी देवमाशाच्या तेलावर दिवे जळत, यंत्रांना वंगण मिळे. मोठा धंदा होता तो. 1820 मध्ये 'एसेक्स' नावाचं जहाज पॅसिफिक महासागरात एका देवमाशाने धडक मारून बुडवलं होतं, ती हकिगतही मेल्व्हिलला माहीत होती. यातून 1851 मध्ये 'मोबी डिक' आली. कथा एका वाक्यात सांगता येते. ज्या पांढऱ्या देवमाशाने आपला पाय तोडला त्याचा सूड घ्यायला कॅप्टन एहॅब 'पीक्वॉड' हे जहाज आणि सगळे खलाशी पणाला लावतो, आणि वाचलेला एकटा इश्माएल आपल्याला ते सांगतो.

लेखकाच्या हयातीत हिच्या चार हजार प्रतीसुद्धा खपल्या नाहीत. पुढे एकोणीस वर्षं त्याने न्यूयॉर्कच्या बंदरात जकात निरीक्षक म्हणून नोकरी केली. 1891 मध्ये तो गेला तेव्हा लोक त्याला जवळजवळ विसरले होते. 1920 च्या दशकात अभ्यासकांनी त्याला पुन्हा शोधून काढलं आणि आज ही अमेरिकेची थोर कादंबरी मानली जाते. हे मुद्दाम सांगतोय. 'सगळे चांगली म्हणतात' हे वाक्य या पुस्तकाच्या बाबतीत पहिली सत्तर वर्षं खरं नव्हतं. मग आज तुम्हाला एखादं प्रकरण जड गेलं तर त्यात लाजण्यासारखं काय आहे?

तेवीस तासांचा हिशेब

कादंबरीत 135 प्रकरणं आहेत आणि शेवटी छोटा उपसंहार. शब्द साधारण दोन लाख दहा हजार. मोठ्याने वाचणारा माणूस मिनिटाला दीडशे शब्द वाचतो असं धरलं तर 1,400 मिनिटं, म्हणजे तेवीस तास वीस मिनिटं. रोज अर्धा तास ऐकलं तर सत्तेचाळीस दिवस.

आता गंमत बघा. ज्याच्या नावाची कादंबरी तो देवमासा प्रत्यक्ष समोर येतो 133 व्या प्रकरणात. म्हणजे शेवटच्या तीन प्रकरणांत! कॅप्टन एहॅबसुद्धा 28 व्या प्रकरणापर्यंत डेकवर दिसत नाही. मधल्या काळात काय चालतं? देवमाशांचे प्रकार, दोरखंड, भाले, चरबी उकळण्याच्या कढया, देवमाशाचं डोकं, शेपूट, सांगाडा, त्याची चित्रं कोणी चुकीची काढली आणि कोणी बरी काढली. छापील पुस्तकात आपण अंगठ्याने पानं दाबून पुढे किती राहिलंय ते बघतो, दोन पानं उडवतो, खाली काय आहे त्यावर नजर टाकून येतो. ऐकताना हे जमत नाही. पुढे ढकललं तर नेमकं कुठे पडू याचा भरवसा नाही. ऐकणारा माणूस लेखकाच्या ताब्यात जास्त असतो. रमण्याचं आणि वैतागण्याचंही मूळ कारण हेच आहे.

आपल्याकडच्या नारदीय कीर्तनाची आठवण काढा. पूर्वरंगात निरूपण, उत्तररंगात आख्यान. पूर्वरंग लांबला तर मागे बसलेली पोरं चुळबुळ करतात, पण त्यांना माहीत असतं की आख्यान येणार आहे. मेल्व्हिल काय करतो, तर आख्यान सुरू करतो आणि ऐन रंगात आलं की निरूपणाला बसतो. मग पुन्हा थोडं आख्यान. शिवाय बुवांचं लक्ष समोरच्या श्रोत्यांकडे असतं, माणसं पेंगायला लागली की ते एखादा अभंग घेतात, एखादा विनोद करतात. मोबाइलमधला आवाज तुमच्याकडे बघत नाही. तो वाचत राहतो.

कान जिथे रमतो

नवव्या प्रकरणात फादर मॅपल यांचं प्रवचन आहे. खलाशांच्या चर्चमधलं व्यासपीठ जहाजाच्या नाळेसारखं; फादर दोराच्या शिडीने वर चढतात आणि शिडी वर ओढून घेतात. मग योना आणि त्याला गिळणाऱ्या प्रचंड माशाची बायबलमधली गोष्ट खलाशांच्या भाषेत सांगतात. छापील पानावर हा लांबलचक परिच्छेदांचा ठोकळा दिसतो. ऐकताना मात्र ते जसं असायला हवं तसं होतं, कारण प्रवचन मुळात ऐकण्यासाठीच असतं. आवाज खाली येतो, थांबतो, एकदम चढतो. इंग्लंडमधल्या प्लिमथ इथून 2012 मध्ये 'मोबी डिक बिग रीड' नावाचा उपक्रम झाला. रोज एक प्रकरण, दर प्रकरणाला नवा वाचक, ऐकायला फुकट. पहिलं प्रकरण टिल्डा स्विंटन या अभिनेत्रीने वाचलंय आणि हे प्रवचन सायमन कॅलो या रंगभूमीवरच्या नटाने. इंग्रजी अवघड वाटत असेल त्यांनी आधी हे एकच प्रकरण ऐकावं. अर्थ साठ टक्के कळला तरी चालेल.

चाळिसावं प्रकरण तर चक्क नाटकासारखं लिहिलेलं आहे. मध्यरात्र, खलाशी नाचतायत, गातायत, भांडतायत. कोणी आइसलँडचा, कोणी माल्टाचा, कोणी चिनी, कोणी ताहितीचा. त्यात एक लस्करसुद्धा आहे, म्हणजे आपल्याकडचा खलाशी. वादळ येताना बघून तो ब्रह्माचं, गंगेचं आणि शिवाचं नाव घेतो. 1851 च्या अमेरिकन कादंबरीत हा माणूस दोन-तीन ओळी बोलून जातो आणि पुन्हा गर्दीत मिसळतो. कानावर ते नाव पडलं की आपण दचकतो.

आणखी एक गोष्ट फक्त ऐकतानाच नीट कळते. प्रवासात 'पीक्वॉड'ला एकामागून एक नऊ जहाजं भेटतात आणि प्रत्येक वेळी एहॅबचा पहिला आणि खरा प्रश्न एकच, पांढऱ्या देवमाशाची खबर. समोरचा कॅप्टन आनंदात असो की दुःखात. वाचताना ही पुनरावृत्ती वाटते. कानाला ती गाण्याच्या ध्रुवपदासारखी लागते. प्रत्येक वेळी मधला काळ वाढलेला असतो आणि एहॅबचा आवाज जास्त कोरडा झालेला असतो. आठवं जहाज 'रेचल'. त्याच्या कॅप्टनचा मुलगा समुद्रात हरवलाय, तो शोधायला मदत मागतो, आणि एहॅब नाही म्हणतो. तोवर आपण वीसहून जास्त तास या माणसाबरोबर काढलेले असतात. तो नकार ऐकून पोटात खड्डा पडतो. सारांश वाचून हे होणार नाही. तुम्हाला सारांशावर विसंबू नका असं मी वर्गात वारंवार सांगतो त्यामागचं कारण हे आहे.

शेवटचे तीन दिवस, म्हणजे 133 ते 135, न थांबता ऐका. तासाभराहून थोडा जास्त वेळ लागतो. आणि 135 संपल्यावर लगेच बंद करू नका, उपसंहार जेमतेम दोन मिनिटांचा आहे. लंडनला निघालेल्या पहिल्या आवृत्तीत तो छापायचाच राहिला होता, आणि काही समीक्षकांनी विचारलं की सगळेच बुडाले तर गोष्ट सांगतंय कोण! इश्माएल कसा वाचला आणि त्याला कोणत्या जहाजाने उचललं, ते त्या दोन मिनिटांत आहे.

कान जिथे अडतो

पहिला अडथळा दारातच. पहिल्या प्रकरणाच्या आधी लेखकाने 'देवमासा' या शब्दाची व्युत्पत्ती आणि मग जगभरच्या पुस्तकांतले देवमाशाविषयीचे उतारे दिलेत. बरेच आहेत. पानावर ते मजेशीर दिसतात, हवे तेवढे चाळता येतात. कानाला मात्र रेल्वे स्टेशनवरच्या घोषणेसारखे लागतात. सरळ पहिल्या प्रकरणापासून सुरुवात करा, उतारे नंतर पुस्तकात बघा. यात लेखकाचा काही अपमान नाही.

दुसरा अडथळा प्रसिद्ध आहे. 32 वं प्रकरण. इथे इश्माएल जगातल्या सगळ्या देवमाशांचं वर्गीकरण करायला बसतो. पहिली गोष्ट म्हणजे तो देवमाशाला मासा म्हणतो. तो सस्तन प्राणी आहे हे तेव्हाच्या शास्त्राला पक्कं माहीत होतं, लिनिअसने अठराव्या शतकातच सांगितलं होतं. इश्माएल ते वाचूनही ऐकत नाही. दुसरी गोष्ट, तो देवमाशांची विभागणी पुस्तकांच्या आकारांवरून करतो. सर्वात मोठे ते फोलिओ, मधले ऑक्टेव्हो, लहान ते ड्युओडेसिमो. म्हणजे छापखान्यातले कागदाच्या घड्यांचे आकार! ही थट्टा आहे हे उघड आहे, पण अर्धा तास एकसुरी आवाजात नावांची यादी ऐकली तर थट्टा मरते आणि यादी उरते. चांगला वाचक असेल तर आवाजातलं मिस्कीलपण राखतो आणि मग तेच प्रकरण हसवतं. तरीही माझं मत असं की हे प्रकरण डोळ्यांचं आहे. शेवटी तो वर्गीकरण अर्धवटच सोडतो आणि कोलोनच्या अपुऱ्या कॅथेड्रलचा दाखला देतो. त्या काळी त्या चर्चचं काम शतकानुशतकं रखडलेलं होतं, ते पुरं झालं 1880 मध्ये.

तिसरा अडथळा वाक्यांचा. 42 वं प्रकरण पांढऱ्या रंगाविषयी आहे. पांढरा रंग पवित्र, मंगल मानतात, मग त्याचीच भीती का वाटते? विचार जबरदस्त आहे. पण त्यात एक वाक्य चारशेहून अधिक शब्दांचं आहे. 'जरी असं असलं, जरी तसं असलं, आणि जरी अमुक असलं' करत ते चढत जातं आणि मुख्य क्रियापद येईपर्यंत आपण स्टॉपवर उतरलेलो असतो. मराठीत लांब वाक्य ऐकायची आपल्याला थोडी सवय असते, कारण क्रियापद शेवटीच येणार हे ठाऊक असतं. पण परक्या भाषेत हे कानाने पेलणं कठीण. त्यात एका मोठ्या पांढऱ्या समुद्रपक्ष्यावर लांब तळटीप आहे. ध्वनिमुद्रणात ती मध्येच वाचली तर वाक्याचा धागा तुटतो, गाळली तर एक सुंदर मजकूर हुकतो. दोन्हीकडून नुकसान.

आणि उलट उदाहरण. 122 वं प्रकरण फक्त काही ओळींचं आहे. वादळात डोलकाठीवर चढलेला खलाशी पुटपुटतो, बस. पानावर त्याच्याभोवतीची मोकळी जागाच अर्थ सांगते. ऐकताना तुम्ही मोबाइल खिशात ठेवेपर्यंत ते संपून गेलेलं असतं.

आपल्या जवळचा एक तुकडाही असाच निसटतो. 55 व्या प्रकरणात देवमाशांच्या चुकीच्या चित्रांची यादी करताना लेखक थेट घारापुरीला येतो. देवमाशाचं सर्वात जुनं चित्र तिथल्या लेण्यात आहे, विष्णूच्या मत्स्यावताराचं, असं तो सांगतो. घारापुरीची लेणी शैव, तिथलं भव्य शिल्प सदाशिवाचं. मेल्व्हिल तिथे गेलेला नव्हता, त्याच्यापर्यंत पुस्तकांतून जे पोचलं ते त्याने लिहिलं. गेटवेवरून तासाभराच्या अंतरावरचं नाव त्या कादंबरीत येतं, पण ऐकताना तुमचं लक्ष क्षणभर बाहेरच्या हॉर्नकडे गेलं तर ते गेलंच. खाली रेघ मारता येत नाही, समासात लिहिता येत नाही. म्हणून माझा सल्ला: छापील मजकूर जवळ ठेवा. कादंबरीचा स्वामित्वहक्क कधीच संपलाय, 'प्रोजेक्ट गुटेनबर्ग'वर ती फुकट मिळते. जिथे कान अडला तिथे प्रकरणाचा आकडा वहीत टिपा आणि रात्री तेवढंच वाचा.

मधला माणूस

ऐकताना तुमच्या आणि लेखकाच्या मध्ये तिसरा माणूस येतो. क्वीक्वेग हा दक्षिण समुद्रातल्या बेटावरचा भालाफेक्या तोडकंमोडकं इंग्रजी बोलतो. पिप हा काळा मुलगा समुद्रात एकटा सोडला गेल्यावर भ्रमिष्ट होतो. पानावर यांचा आवाज कसा असेल ते आपण ठरवतो. ध्वनिमुद्रणात नट ठरवतो, आणि कधी कधी ती नक्कल होते. क्वीक्वेग हास्यास्पद झाला की कादंबरीच मोडते, कारण तो इश्माएलचा सर्वात सज्जन मित्र आहे. असा प्रसंग आला तर दोष मेल्व्हिलच्या नावावर टाकू नका, दुसरा वाचक शोधा. वेगाचंही तसंच. काही जण दीडपट वेगाने ऐकतात. वर्गीकरणाच्या प्रकरणाला तो वेग चालून जाईल, पण एहॅब दीडपट वेगात ओरडायला लागला की नुसता चिडका म्हातारा वाटतो.

मग ऐकणं हे वाचणं आहे का? ज्या घरात पोथी एक जण वाचतो आणि दहा जण ऐकतात, त्या घरच्या माणसाने हा प्रश्न फार ताणू नये. नवविधा भक्तीत पहिला नंबर श्रवणाचा आहे. अमेरिकेतल्या न्यू बेडफर्डच्या संग्रहालयात दर जानेवारीत लोक जमून ही अख्खी कादंबरी आळीपाळीने मोठ्याने वाचतात, साधारण पंचवीस तास लागतात. आणि आपल्या वर्गात दृष्टिहीन विद्यार्थी असतात. त्यांच्यासाठी ऐकणं ही सोय नाही, तोच मुख्य रस्ता आहे. 'रात्री तेवढं प्रकरण पुस्तकात वाचा' हा मघाचा सल्ला त्यांना लागू पडत नाही. त्यांनी ते प्रकरण सहाध्यायीकडून सावकाश, थांबून थांबून वाचून घ्यावं. आणि डोळस मुलांनो, ते वाचून देणं तुमचं काम. वाचून देताना तुम्हालाही ते पहिल्यांदा कळेल.

आता लिहायचं कसं

'मला कंटाळा आला' हे वाक्य खुशाल लिहा, पण त्याच्या पुढे प्रकरणाचा आकडा लिहा. मग स्वतःला विचारा की कंटाळा पुस्तकाने आणला, वाचणाऱ्या आवाजाने आणला, की रात्री अकरा वाजता झोपेत ऐकल्यामुळे आला. माझंच उत्तर सांगतो. ही कादंबरी मी पूर्ण ऐकली. प्रवचन, जहाजांच्या भेटी आणि शेवटचा पाठलाग यांसाठी मी ती कोणालाही ऐकायला सांगेन. मधली देवमाशाच्या शरीरावरची बरीच प्रकरणं मला ऐकवली नाहीत आणि त्यातली काही वाचतानाही लांबलेलीच वाटतात, थोर कादंबरी असली तरी. पण 94 वं प्रकरण, जिथे खलाशी टबाभोवती बसून देवमाशाच्या डोक्यातल्या मेणासारख्या तेलाच्या गुठळ्या हाताने कुस्करतात आणि कुस्करता कुस्करता एकमेकांचे हात हातात येतात, तेही अशाच माहितीच्या प्रकरणांत मोडतं. ते मी तीनदा ऐकलं. माहितीची सगळी प्रकरणं उडवली असती तर हेही उडालं असतं. त्यामुळे 'मधला भाग गाळा' असा सरसकट सल्ला मला देता येत नाही.

स्वाध्याय: 9 वं आणि 32 वं, ही दोन प्रकरणं आधी ऐका, मग वाचा. प्रत्येकासाठी दहा ओळी लिहा, की कानाला काय मिळालं आणि डोळ्यांना काय मिळालं. 'अजरामर', 'अप्रतिम' आणि 'हृदयस्पर्शी' हे तीन शब्द वापरायचे नाहीत. इंग्रजी अगदीच जड जात असेल तर हाच प्रयोग तुमच्या आवडीच्या कुठल्याही मोठ्या मराठी कादंबरीतल्या दोन प्रकरणांवर करा. एक संवादाचं घ्या, एक वर्णनाचं. वह्या पुढच्या सोमवारी.